शुक्रासुराची बावीस पावलं

शुक्र ग्रहावरून आलेला राक्षस नोएडात आमच्या वरच्या मजल्यावर राहायचा आणि रोज सकाळी साडेसहाला कापडी पिशवी घेऊन दूध आणायला खाली उतरायचा. उतरताना पायऱ्या मोजायचा. मराठीत आणि चांगल्या खणखणीत आवाजात. "सोळा, सतरा, अठरा. झाला एक मजला." मग आमच्या दारावरून वळून पुन्हा एकपासून सुरुवात.

मी नुकतीच एका हिंदी बोलणाऱ्या दिल्लीवाल्याशी लग्न होऊन पुण्याहून आले होते. नोएडा तेव्हा नोएडा म्हणण्यासारखं नव्हतंच. सेक्टरला नंबर होते, पण त्यात माणसं नव्हती. आमच्या ब्लॉकमधले अर्धे फ्लॅट रिकामे, खिडक्यांना काचासुद्धा नाहीत, आणि रस्ता म्हणाल तर बारा महिने उकरलेला. आज पाण्याची लाईन, उद्या टेलिफोनची, परवा आणखी कसली. अशा उजाड जागी सकाळी सकाळी जिन्यात कुणीतरी मराठीत आकडे मोजतंय म्हटल्यावर मी दार उघडलंच. खाली जाणाऱ्या जिन्यात सहा फूट उंच, खांद्यातून जरासे वाकलेले, पांढऱ्या पायजम्यातले गृहस्थ. मी नमस्कार केला तर म्हणाले, "थांब हं बेटा, अकरा झालेत," आणि उरलेल्या सात पायऱ्या उतरून, परत अठरा चढून आले आणि मग म्हणाले, "हां. आता बोल. कुठली तू?"

हे सोनटक्के काका. मूळचे साताऱ्याकडचे. दिल्लीतल्या एका सरकारी संग्रहालयात त्यांनी तीस वर्षं मॉडेलं बनवली. प्लास्टरचे वाघ, लाखेची फळं, भुसा भरलेले पक्षी. रिटायर झाल्यावर हा फ्लॅट मिळाला आणि इथे येऊन सहा महिने होतात न होतात तोच प्रभाकाकू गेल्या. मूलबाळ नाही. मी आले तेव्हा काकूंना जाऊन दोन वर्षं झाली होती. मी त्यांना कधी पाहिलं नाही. म्हणजे, प्रत्यक्ष नाही पाहिलं.

काका मोजायचे ते नुसत्या पायऱ्या नव्हे. दुधाचं बूथ एकशे चौऱ्याण्णव पावलं, बसचा थांबा चारशे दहा, भाजीवाला जिथे उभा राहील तिथपर्यंतची पावलंसुद्धा. संध्याकाळी वीज गेली की आम्ही सगळे मेणबत्त्या शोधत धडपडायचो, आणि हा माणूस काळ्याकुट्ट जिन्यातून आकडे म्हणत सरळ खाली. मी एकदा न राहवून विचारलं, "काका, ही काय सवय हो?"

"नोकरीतली," ते म्हणाले. "राक्षसाच्या."

मला वाटलं, थट्टा करतायत. ते चहा पाजायला वर घेऊन गेले. घर एकदम टापटीप, फक्त एका भिंतीवर फ्रेममध्ये एक फोटो: शेतात उभा असलेला एक भयाण, केसाळ, पोट सुटलेला प्राणी, आणि त्याच्या हातात चहाचा कप. "मी," काका म्हणाले. आणि त्यांच्या तोंडावर असं काही हसू आलं की बास.

झालं होतं ते असं. संग्रहालयात काकांचा हात बघून एका माणसानं त्यांना गाठलं. त्याला सिनेमा काढायचा होता, 'शुक्रासुर' नावाचा. शुक्रावरून एक बी पृथ्वीवर पडतं, त्यातून राक्षस उगवतो आणि गावंच्या गावं फस्त करतो. कल्पना जोरदार होती, पण खिशात दमडी नव्हती. काकांनी सुट्ट्या टाकल्या आणि काथ्या, फोम, गोणपाट, सायकलच्या ट्यूबा असं काय काय शिवून, चिकटवून राक्षस उभा केला. डोळे काही केल्या जमेनात. शेवटी स्वयंपाकघरातल्या दोन स्टीलच्या वाट्या उचलून लाल रंगवल्या. काकूंच्या लग्नातला सहाचा संच तेव्हापासून चारचा झाला. काका आल्यागेल्याला त्याच चार वाट्यांतून चिवडा द्यायचे आणि सांगायचे, "बाकीच्या दोन शुक्रावर आहेत. ती अखेरपर्यंत ऐकवत होती मला."

आणि पोशाख तयार झाल्यावर लक्षात आलं, तो घालणार कोण? काकांनी तो स्वतःच्या मापानं बेतला होता. त्या डायरेक्टरच्या माणसांत सहा फुटी कुणी नाही. मग काय, घातला यांनीच.

"आत काय दिसायचं?" मी विचारलं.

"काय दिसणार! डोळे होते ते शोभेचे. माझं तोंड राक्षसाच्या गळ्याशी. तिथे वीतभर जाळी, ती दोन मिनिटांत घामानं गच्च. पायाखालचं तर अजिबातच नाही, मध्ये हे एवढं पोट. आणि ऐकू काय यायचं, तर माझाच श्वास. भट्टीत बसल्यासारखं व्हायचं यार."

म्हणून मोजणी. प्रत्येक शॉटच्या आधी काका राक्षसाचं डोकं काखेत धरून ती वाट एकदा चालून घ्यायचे. आधी डायरेक्टरचा असिस्टंट हिंदीत मोजायचा, पण आत गेल्यावर घाबऱ्या जिवाला हिंदी आकडे आठवायचे नाहीत. काकू रोज डबा घेऊन यायच्या, त्यांनी दोन दिवस हा घोळ बघितला आणि पदर खोचला. मग त्या यांच्या शेजारून चालायच्या, मराठीत मोजत. अकरा सरळ, मग डावीकडे, मग सात. मोजून झालं की धावत आपल्या जागेवर. जागा म्हणजे गर्दीत. पळणारे गावकरी कमी पडत होते, तेव्हा काकूंनाही त्यात उभं केलं होतं. म्हणजे बघा, आधी राक्षसाला वाट दाखवायची आणि मग त्याच्यापुढे पळायचं.

"तरी सात वेळा पडलो," काका सांगायचे. "पण शेवटच्या शॉटला नाही! बावीस पावलं मोजलेली होती. ऐन वेळी ऊन सरकलं, कॅमेरा हलवला, मला म्हणाले, सोनटक्के साब, थोडा तिरछा आइए. पुन्हा मोजायला वेळ कुठला? निघालो आंधळा. आणि मध्येच माझा पाय आपोआप वर उचलला गेला. असा, गुडघा पोटापर्यंत. का उचलला देव जाणे. डायरेक्टर म्हणाला, वाह, क्या चाल है! अंगात आलं होतं, दुसरं काय!" आणि मग हॉलमध्ये उठून ते तो पाय उचलून दाखवायचे. मी त्यांना तो पाय उचलताना निदान वीस वेळा पाहिलंय.

सिनेमा दिल्लीत लागलाच नाही. कुठल्या कुठल्या लहान गावांत आठवडाभर चालला म्हणे आणि गायब. डायरेक्टरही गायब. काका-काकूंनी तो कधी पाहिला नाही. पुढे पुढे तर आपण असं काही केलं होतं हेच खरं वाटेनासं झालं, असं ते म्हणायचे.

मग आमच्याकडे केबल आलं. ज्याच्या त्याच्या गॅलरीतून काळ्या तारा, आणि केबलवाला राणा म्हणजे सेक्टरचा राजा. दुपारी बायकांना काहीतरी हवं म्हणून तो मिळेल तो सिनेमा लावायचा. एका दुपारी वरून धाड् धाड् पावलं. न मोजता! मी घाबरून दार उघडलं तर काका अनवाणी उभे. त्यांनी माझ्या टीव्हीकडे नुसतं बोट केलं. मी लावला.

शेतात गर्दी पळत होती. आणि त्या गर्दीत गोल चेहऱ्याची, काठापदराची साडी नेसलेली, कपाळावर ठसठशीत कुंकू लावलेली एक बाई. सगळे पुढे पळतायत, आणि ही मध्येच थांबली. मागे वळली. राक्षसाकडे बघून तिनं तोंड उघडलं, काहीतरी म्हणाली आणि मग पळाली. वरून कुणाची तरी ही मोठी किंकाळी घातलेली. सगळं मिळून तीन सेकंद.

"प्रभा," काका म्हणाले. "बेटा, ती प्रभा आहे."

माझ्या अंगावर काटा आला. आजही लिहिताना येतो. केव्हाची गेलेली बायको भरदुपारी अचानक टीव्हीत उभी राहिली, पंधरा वर्षांनी तरुण होऊन. तो माणूस माझ्या सतरंजीवर बसून ढसाढसा रडला. मी आपलं पाणी आणून दिलं.

राणा भला माणूस. त्यानं कॅसेट करून दिली. फक्त त्याची ती जाहिरातीची पट्टी खाली तशीच राहिली. सिनेमाभर पडद्याच्या तळाशी अमुक टेंट हाऊस, तमुक ब्यूटी पार्लर सरकत राहायचं. राक्षसाचे पाय काही दिसायचे नाहीत.

पुढच्या रविवारी काकांनी सगळ्या ब्लॉकला बोलावलं. काय हसलो होतो आम्ही! राक्षसाच्या पाठीवरची चेन दिसत होती. शुक्रावरचं यान म्हणजे दोन परातींची करामत, हे कुठल्याही बाईला कळावं. काका सगळ्यांत जास्त हसत होते, "वो देखिए, मेरी कटोरियाँ!" आणि मग ती जागा आली तसं त्यांनी हात वर केला. "एक मिनट. चुप." सगळे गप्प. तीन सेकंद गेले. कुणीतरी हळूच विचारलं, "भाभीजी थीं?" त्यानंतर राक्षसानं अख्खी बस उचलून आपटली तरी कुणी हसलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी माणसं निम्मी आली. नंतर आणखी कमी. शेवटी मी एकटी, आणि तीही शेजारधर्म म्हणून. काका आता सिनेमा लावायचेच नाहीत, फक्त ती जागा. मागे, पुढे. मागे, पुढे. कारण त्यांना एक गोष्ट हवी होती. त्या तीन सेकंदांत ती काय म्हणाली?

"किंकाळी तिची नाही हे नक्की," ते म्हणायचे. "आवाज सगळे नंतर घातलेत. असली किंकाळी तिनं जन्मात मारली नसती, पालीलासुद्धा नाही. पण ओठ तिचे आहेत ना? ती माझ्याकडे बघून काहीतरी बोलतेय. शेवटी हॉस्पिटलमध्ये नळ्या घातल्या होत्या, तेव्हा काही बोलता आलं नाही तिला. हे तरी कळू दे."

त्यांनी त्यासाठी काय नाही केलं! दिल्लीत मूकबधिर मुलांना शिकवणाऱ्या एक बाई होत्या, त्यांना ओठांवरून बोलणं कळतं असं कुणीतरी सांगितलं. दोन बस बदलून, कॅसेट पिशवीत घालून गेले. त्या बाईंनी दहा वेळा पाहिलं आणि म्हणाल्या, "भाईसाहब, ये जो भी है, हिंदी नहीं है।" काका आले ते आनंदानं उड्या मारतच. हिंदी नाही म्हणजे मराठी! गर्दीत मराठी कळणारं त्यांच्याशिवाय कोण होतं? म्हणजे ती त्यांच्याशीच बोलत होती.

आणि मग ते माझ्या दारात आले.

तो रविवार मी विसरलेले नाही. आम्हाला गुडगावला फ्लॅट बघायला जायचं होतं. तिकडे टॉवर उठत होते, नवऱ्याची नवी कंपनी तिकडे होती. तो खाली स्कूटर सुरू करून हॉर्नवर हॉर्न देत होता आणि मी चपला शोधत होते. काका म्हणाले, "बेटा, तुझं मराठी चांगलं आहे. माझ्या डोळ्यांना आता नीट दिसत नाही. एकदा, फक्त एकदाच, नीट बघून सांग." मी वर गेले. उभ्या उभ्याच पाहिलं. पडद्यावर मुंग्या, खाली ब्यूटी पार्लरची पट्टी, खालून हॉर्न. मी शंभर वेळा पाहिलेलं. मला नुसता कंटाळा आला होता हो. खरं सांगते, बाकी काही नाही, कंटाळा.

"वाचवा म्हणतायत काका," मी म्हटलं. "सरळ दिसतंय. दुसरं काय म्हणणार?"

"वाचवा?"

"हो ना. राक्षस मागे लागल्यावर माणूस काय म्हणणार?"

ते टीव्हीकडे बघत राहिले. "म्हणजे घाबरली होती," ते म्हणाले. "मला बघून." मग टीव्ही बंद करता करता, "मला वाटत होतं, मला काहीतरी सांगतेय."

तिथेच मी म्हणायला हवं होतं की थांबा, मी नीट पाहिलंच नाही, परत लावा. काकूंकडे बघून कळत होतं की त्या घाबरलेल्या नाहीत. पण खाली हॉर्न वाजला आणि मी "येते हं" म्हणून सटकले. जिन्यात मागून आवाज आला, "अठरा आहेत, जपून." नेहमीचंच.

त्यानंतर काकांनी ती जागा लावणं बंद केलं. मला तर आधी बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू! सुटले म्हणावं. राणाला कॅसेट परत केली म्हणे. पाय उचलून दाखवायचेही बंद झाले. एकदा मी चिवडा खाताना मुद्दाम म्हटलं, "काका, तो पाय दाखवा ना." तर म्हणाले, "सोड यार. साठी उलटलेल्या माणसाला राक्षस शोभतो का?" आणि एक दिवस असंच, काही विषय नसताना म्हणाले, "तिला दिल्लीला यायचंच नव्हतं, माहितेय? मी आणलं ओढून. इथे ना माहेर ना कुणी. वाचवा म्हटलं असेल तर बरोबरच म्हटलं." मी म्हटलं, काहीतरीच काय काका.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही गुडगावला आलो. सुरुवातीला फोन व्हायचे. मग दिवाळीलाच. मग एका दिवाळीला कुणी उचललाच नाही, आणि नंतर राणाकडून कळलं, अंकलजी निमोनियानं गेले, साताऱ्याहून पुतण्या येऊन सगळं उरकून गेला.

गुडगावचं गुरुग्राम झालं. आम्ही सोळाव्या मजल्यावर राहतो. मुलगी परदेशात, नवरा दिवसभर ऑफिसात, आणि या सोसायटीत लिफ्टमध्ये माणसं एकमेकांकडे न बघता आकडे बघतात. मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी मोबाईलवर काहीबाही बघताना एकदम समोर आलं, 'शुक्रासुर'. कुणा हौशी माणसाला कुठल्यातरी गावच्या बंद थिएटरात त्याची रिळं सापडली होती आणि त्यानं साफ करून इंटरनेटवर टाकली होती. मी मोठ्या टीव्हीवर लावला.

इतका लखलखीत! गोणपाटाचे धागे दिसत होते. वाट्यांवर लाल रंगाचे ओघळ दिसत होते. मी एकटी बसून हसत होते आणि डोळे पुसत होते. मग गर्दी पळायला लागली.

आणि खाली पट्टी नव्हती.

काकू थांबल्या. मागे वळल्या. राक्षसाच्या पुढ्यात गवतात, दोन हातांवर, एक चर खणलेला होता, ट्यूबवेलच्या पाईपसाठी असतो तसा. आत पाणी चमकत होतं. काकूंचा उजवा हात खाली, सरळ त्या चराकडे. राणाच्या पट्टीमागे इतकी वर्षं झाकला गेलेला हात. आणि तोंड. 'वाचवा' म्हणायला खालचा ओठ दातांना लागतो. त्यांचा लागत नाही. त्या म्हणतात, "अहो, खड्डा!" बाजारात, रस्त्यात, आयुष्यभर म्हटलं असेल तसंच. चेहऱ्यावर भीती नाही, थोडा वैताग आहे. आणि त्याच क्षणी तो सहा फुटी, आंधळा, सातदा पडलेला राक्षस गुडघा पोटापर्यंत उचलतो, चर ओलांडतो आणि पुढे जातो. त्या आता बिनघोर पळतात.

म्हणजे काकांनी ऐकलं होतं. भट्टीत, स्वतःच्या श्वासातसुद्धा त्यांच्या पायानं ऐकलं होतं, आणि त्यांना पत्ताच नव्हता. काकूंनी घरी जाऊन सांगितलंही नसेल, कारण त्यात सांगण्यासारखं होतं काय! व्हिडिओखाली लोकांनी खदखदून हसत प्रतिक्रिया लिहिल्या होत्या. एकानं लिहिलं होतं, ही बाई बघा, राक्षसाला रस्ता दाखवतेय. मी वर बघून मोठ्यानं म्हटलं, "हो, दाखवतेय!" आमच्या वर आता कोण राहतं मला माहीतसुद्धा नाही.

ज्याला हे सांगायला हवं तो माणूस नाही. मी ती जागा मागे नेऊन नेऊन पाहिली, संध्याकाळी नवरा येईपर्यंत. त्यानं विचारलं, काय चाललंय? मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "कौन, वो ऊपरवाले अंकल? बेचारे." आणि आंघोळीला गेला.

आता सारखे आठवतात ते आम्ही नोएडा सोडलं त्या दिवशीचे काका. सामानाचा ट्रक भरला होता, मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते, नवरा स्कूटरवर. काका निरोप द्यायला खाली आले, माझ्या हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी दिलं. नंतर उघडलं तर त्या चारांतली एक वाटी. मग म्हणाले, "चल, मी दूध घेऊन येतो," आणि पिशवी हलवत निघाले. मोजत. त्या सकाळी टेलिफोनवाल्यांनी रस्ता आडवा खणून ठेवला होता, त्यांच्या एकशे चौऱ्याण्णव पावलांत तो धरलेला नव्हता. मला ट्रकमधून दिसत होतं. काका चराच्या अगदी काठाशी आले आणि थांबले. डोळे बारीक करून खाली बघत होते, पण त्यांना काही दिसत असावंसं वाटलं नाही. मोजणं थांबलं होतं. त्यांनी मान किंचित वाकडी केली, कुणी काही म्हणतंय का ते ऐकावं तशी.

मला हाक मारायची होती. "काका, खड्डा आहे," एवढंच म्हणायचं होतं. पण ड्रायव्हरनं गिअर टाकला, इंजिनचा आवाज मोठा झाला, आणि मी म्हटलं, दिसेल त्यांना. वळणावर मागे पाहिलं तेव्हा ते तसेच उभे होते, एक पाय जरासा उचललेला.